मधला चेंडू कुणाचा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर क्लबच्या नव्या सेक्रेटरी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. "बसा मावशी," म्हणाले. मी उभीच राहिले. मग त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं, "तुमच्याकडे कोचिंगचं काही सर्टिफिकेट आहे का?"

माझ्याकडे चौथी पास झाल्याचा दाखला आहे. तो घरी पेटीत आहे आणि त्यात टेनिसचं काही लिहिलेलं नाही. मी मान हलवली.

"मग असं करू," ते म्हणाले. "संभाजीनगरला मुलींच्या विभागीय स्पर्धा आहेत. तुमची डबल्सची जोडी फायनलला पोचली, तर कमिटीला दाखवायला माझ्याकडे काहीतरी राहील. नाही पोचली, तर शिकलेला कोच बाहेरून आणावा लागेल. कोर्टाची निगा राखायला तुम्ही आहातच."

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कोर्टाची निगा राखण्यापासूनच मी सुरुवात केली होती आणि तिथून मुलींना शिकवण्यापर्यंत यायला मला वीस वर्षं लागली होती. त्यांना सांगायला हवं होतं की साहेब, मी नऊ वर्षं बक्षिसाच्या स्पर्धा खेळले आहे, माझ्या घरातला मिक्सर, कुकर आणि भिंतीवरचं घड्याळ डबल्समधून आलं आहे. पण माझ्या तोंडून फक्त "बरं" निघालं. जे तिथं बोलता आलं नाही, ते या वहीत लिहिते आहे. वहीपुढे उभं राहावं लागत नाही.

परळीत टेनिस कुठलं, असं लोक मला विचारतात. परळी म्हटलं की वैजनाथाचं देऊळ आणि राखेच्या गाड्या. पण वीजकेंद्राच्या कॉलनीत साहेब लोकांचा क्लब आहे, आणि क्लबच्या मागे कडुलिंबाच्या रांगेत एक मुरमाचं कोर्ट आहे. आमचे मालक तिथं माळी होते, आणि कोर्टाच्या कुंपणाला लागूनच आमचं घर. लग्न होऊन आले तेव्हा मी ते कोर्ट पाहिलं आणि मला वाटलं, कुणाचं तरी खळं आहे. एवढं गुळगुळीत करून ठेवलंय आणि धान्य कुठं दिसत नाही.

मालकांची कंबर धरली आणि रोलर ओढणं त्यांना जमेना, म्हणून मी ओढायला लागले. पहाटे उठून आधी रात्रीची राख झाडायची. मग पाणी मारायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. अंगण सारवायच्या आधी बाया जसं शिंपतात, तसं. पाणी जिरलं की रोलर. मग दोरी ताणून फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेषा. शेवटी नेट. नेट मधोमध किती उंच हवं, ते मोजायला टेप लागत नाही. एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचं तोंड आडवं ठेवायचं, तेवढं. ही युक्ती मला जुन्या मार्करनं दाखवली.

मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. ज्या मेंबरला जोडीदार नसेल, त्याच्याशी खेळायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. साहेबांना हरवायचं नसतं आणि मुद्दाम हरलो हेही त्यांना कळू द्यायचं नसतं. कुणाला चेंडू कमरेएवढा लागतो, कुणाला गुडघ्याशी, कुणाचं आज घरी भांडण झालंय आणि त्याला जोरात मारायचंय, सगळं ओळखावं लागतं. जुना मार्कर नोकरी सोडून पुण्याला गेला, तेव्हा मी कोर्टाच्या कडेला चेंडू गोळा करत होते.

कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी खेळायला यायच्या. त्या दिवशी त्यांना कुणी जोडीदार नव्हता. त्या म्हणाल्या, "बायडा, ती रॅकेट घे. नुसती चेंडू परत टाक माझ्याकडे."

मी नाही म्हणू शकले नाही. माझी दोन्ही बाळंतपणं बाईंनीच केली होती. पदर खोचला आणि उभी राहिले.

इथं मला आमच्या माहेरचं सांगावं लागेल. आमच्याकडे मेंढरं होती. युसूफ वडगावला मामाकडं राहून मी चौथी केली, मग वडिलांनी कळपामागं बोलावून घेतलं. कळप वळवायला आमच्या हातात गोफण असायची. गोफणीचा दगड मेंढीला मारायचा नसतो. ती जिकडं पळते आहे, तिच्या पुढ्यात हातभर अंतरावर पाडायचा, म्हणजे ती आपोआप वळते. लहानपणी माझा एक दगड चुकून मेंढीच्या पायाला लागला होता. वडील दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. त्यानंतर माझा दगड चुकला नाही.

तर बाईंनी चेंडू मारला आणि मी तो परत मारला. त्यांना चार पावलं पळावं लागेल, अशा जागी तो पडला. त्यांनी दुसरा मारला. मी तो दुसऱ्या बाजूला टाकला. पाच-सहा चेंडूंनंतर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धापा टाकत म्हणाल्या, "तू मला वळवतेयस का गं?"

मी जीभ चावली. खरंच वळवत होते.

मी मार्कर झाले. सुरुवातीला काही मेंबरांना बाईमाणसाशी खेळायची लाज वाटायची, मग हरायची लाज वाटायला लागली आणि पहिली लाज मागं पडली. एक रिटायर्ड इंजिनिअर होते. आपल्या बाजूला रेषेवर पडलेला चेंडूसुद्धा ते खुशाल "आउट" द्यायचे. मी साहेबांना खोटं कसं पाडणार? पण मुरमावर चेंडूचा ठसा उमटतो. एक दिवस बाजू बदलताना मी त्यांनी "आउट" दिलेल्या प्रत्येक ठशाभोवती पायाच्या अंगठ्यानं एकेक गोल काढत गेले. तोंडानं काही बोलले नाही. खेळ संपला तेव्हा रेषेच्या आत सात गोल होते. साहेबांनी ते नीट पाहिले. म्हणाले, "बायडा, रेषा आणखी ठळक मार. म्हातारपणी दिसत नाही." मी फक्की ठळक मारायला लागले आणि त्यांना दिसायला लागलं.

मग बाई म्हणाल्या, आपण दोघी डबल्स खेळू. सोलापूर, लातूर, नाशिक, कुठं कुठं बायकांच्या बक्षिसाच्या स्पर्धा असतात. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "जा की. पन लुगड्यात पाय अडकून पडलीस तर पेपरात येईल." तेव्हापासून मी पंजाबी ड्रेस घालते.

डबल्स म्हणजे दोन विरुद्ध दोन. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोघं आहेत तर अर्धं काम. तसं नाही. समोरचे हुशार असले की चेंडू दोघींच्या बरोबर मधून मारतात. एकीला वाटतं तिचा, दुसरीला वाटतं हिचा, आणि चेंडू मधून निघून जातो. नाहीतर दोघी धावतात. यावर एकच औषध, बोलणं. "माझा" म्हणायचं किंवा "तुझा" म्हणायचं, आणि तेही मोठ्यानं.

आणि मला तेच येत नव्हतं. चारचौघांत मी मोठ्यानं बोललेच नव्हते. त्यात डॉक्टरीणबाईंना मी "सोडा" म्हणून हुकूम करायचा? पहिल्याच स्पर्धेत आम्ही दोघी एका चेंडूवर धावलो आणि माझी रॅकेट बाईंच्या कपाळावर बसली. मोठं टेंगूळ आलं.

"अगं बोल की!" बाई कपाळाला बर्फ लावत ओरडल्या. "दवाखान्यात वेणा देतानासुद्धा गप्प होतीस तू! इथं तरी तोंड उघड!"

मी रडकुंडीला आले. घरी येऊन सराव केला, भिंतीकडं तोंड करून "माझा, माझा" म्हटलं. मालक बाजंवरून म्हणाले, "काय तुजं? कावून वरडायली भिताडाला?" भिंतीपुढं आवाज निघायचा, बाई दिसल्या की बसायचा.

मग एक दिवस कोर्टावर तसाच चेंडू मधून आला, बाई धावल्या, मीही धावले, आता पुन्हा टेंगूळ येणार असं दिसलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "हुर्रर्र!"

कळप थांबवायची हाक. माझ्याही नकळत निघाली. बाई जागच्या जागी थांबल्या. मी चेंडू मारला. बाईंनी वळून विचारलं, "हे काय होतं?"

"न्हाई बाई, चुकून. मेंढरं..."

"मी थांबले की पण!" बाईंना इतकं हसू आलं की त्या नेटला धरून खाली बसल्या. "चालेल. बोलू नकोस मग. हेच कर."

लहानपणापासून ज्या आवाजात मी हुकूम केला होता तो तेवढाच होता, आणि त्यात कुणाचा मान-अपमान नव्हता. आमचं ठरून गेलं. "हुर्रर्र" म्हणजे थांबा, माझा आहे. जिभेनं "टक टक" केलं की तुम्ही घ्या. "हॅ हॅ हॅ" म्हणजे मागं फिरा. त्यानंतर मधला चेंडू आमच्यातून क्वचितच सुटला. बाई इतर डॉक्टरांना सांगायच्या, "आमच्या कळपात मी एकटीच मेंढी आहे, पण वळण चांगलं आहे."

सोलापूरच्या फायनलचं मात्र लिहायलाच पाहिजे. समोर पुण्याच्या दोघी होत्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या. त्यांनी अंपायरकडे तक्रार केली की या बाई शेळ्या हाकल्यासारख्या ओरडतात. अंपायर खुर्चीवरून खाली उतरले. मला म्हणाले, "बाई, हा कसला आवाज?"

मी म्हटलं, "हाक हाय साहेब."

बाईंनी पुढं येऊन इंग्रजीत बरंच काही सांगितलं. अंपायरांनी निकाल दिला. चेंडू तुमच्याकडे येत असेल, तर जोडीदाराशी काहीही बोला, कसंही बोला. पण चेंडू तुमच्या रॅकेटवरून सुटला आणि समोरच्यांकडे निघाला, की तोंड बंद. तेव्हा आवाज केला, तर तो त्यांना अडथळा, आणि गुण त्यांचा.

मला नियम कळला. बरोबरच होता. पण शेवटच्या गुणाला मी उंच टाकायला गेलेला चेंडू तोकडा पडला. बाई नेटजवळ उभ्या. आता समोरची तो बाईंच्या अंगावर ठोकणार, हे मला दिसलं. लांडगा दिसल्यावर कुणी नियम आठवत बसत नाही. मी ओरडले, "हॅ हॅ हॅ!"

चेंडू अजून हवेत होता, त्यांच्याकडे जाणारा. अंपायरनं हात वर केला. सामना तिथंच संपला.

मी खाली मान घालून उभी राहिले. सोलापूर ते परळी बसमध्ये बाई हसत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते. अंबाजोगाईच्या अलीकडे बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मला वाचवायला ओरडलीस ना? मग झालं तर." पण माझ्या मनातून ते गेलं नाही. एवढी एकच मोठी फायनल होती, आणि ती माझ्या तोंडानं गेली.

बाई पुढे रिटायर होऊन नागपूरला मुलाकडं गेल्या. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांची बॅग जीपपर्यंत नेली, आणि एवढ्या वर्षांचं जे बोलायचं होतं ते काहीच बोलले नाही. याची मला अजून चुटपुट आहे.

त्यानंतर मी कॉलनीतल्या मुलांना शिकवायला लागले, मग बाहेरच्याही मुली यायला लागल्या. शिकवायला फार बोलावं लागतं असं लोकांना वाटतं. मी हात धरून दाखवते. मुरमावर काडीनं गोल काढते आणि म्हणते, इथं टाक. मुलींना "माझा", "तुझा" असं नीट बोलायला शिकवलं. त्या हाका मात्र शिकवल्या नाहीत. सोलापूरनंतर मला त्यांची लाज वाटायला लागली होती.

तर साहेबांनी बोलावलं त्या दिवशी मी घरी आले. मालक कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसले होते.

"काय म्हनले साहेब?"

"पोरी फायनलला गेल्या तर बरं, म्हनले."

"आन न्हाई गेल्या तर?"

"तर मी फक्की मारायची. शिकवनार दुसरं कुनीतरी."

मालकांनी पट्टा जरा सैल केला. मग म्हणाले, "मंग नेऊ की फायनलला. त्यात काय!" जसं काय फायनल म्हणजे गेवराईचा बाजार, बसमध्ये बसलं की आलं.

माझी जोडी होती पूजा आणि शीतल. पूजाचे आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. शीतलचे वडील कॉलनीत ड्रायव्हर आहेत. दोघी एका ताटात जेवायच्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत दोघींनी बोलणं टाकलं. झालं असं, की तालुक्याचा कप घेतलेला दोघींचा फोटो शीतलनं मोबाईलच्या स्टेटसला लावला आणि लावताना तो असा कापला, की कपाला लागलेला पूजाचा फक्त हात उरला.

"निस्ता हात ठिवलाय माजा, मावशी!" पूजा मला म्हणाली. "मेलेल्या मान्साचा असल्यावानी!"

"तिला सांगा मावशी," शीतल तिच्यापासून दोन हात लांब उभी राहून म्हणाली, "उभा फोटो बसत नव्हता म्हनावं."

"तिला सांगा, मंग स्वतःला कापायचं म्हनावं."

मी समजावलं, मला जेवढं समजावता येतं तेवढं. म्हणजे काहीच नाही. त्या खेळायच्या, पण मुक्यानं. मी शेवटी कंटाळून मालकांना म्हटलं, "माजंच गुन लागलं वाटतं पोरींना." मालक शेंगा सोलत राहिले. त्या आठवड्यात मी पाइप गुंडाळून पंपाची चावी द्यायला जायचे, तेवढ्यात ते पोरींना कडुलिंबाखाली बोलावून बसवायचे. मला वाटलं, शेंगदाणे देत असतील. त्यांची ती सवय आहे.

संभाजीनगरला पहिले दोन सामने त्यांनी आपापल्या जोरावर काढले. उपांत्य सामन्यात समोर तयार जोडी आली. त्यांच्या लगेच ध्यानात आलं, की या दोघी बोलत नाहीत. लागल्या मधून मारायला. पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. मग दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे जी जोडी आधी दहावर जाईल ती फायनलला.

आठ-आठ झाले. मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी. त्या स्पर्धेत कोचला बाहेरून काही सांगायला बंदी होती. एक शब्द काढला, तरी शिक्षा मुलींना. सगळा जन्म मला बोलता यावं म्हणून लोक माझ्यामागं लागले, आणि त्या दिवशी खरंच बोलायचं होतं तर बोलायला मनाई. मी ओढणीचा बोळा दातांत धरला.

चेंडू आला. सरळ मधून. पूजा धावली, शीतल धावली. दोघी तोंड मिटून. मला बाईंच्या कपाळावरचं टेंगूळ दिसायला लागलं.

"हुर्रर्र!"

मला वाटलं, मीच ओरडले. पण ओढणी माझ्या दातांत होती. शीतल पाय रोवून जागच्या जागी थांबली होती, आणि पूजानं चेंडू समोरच्या दोघींच्या मधून काढला होता.

मी अंपायरकडे बघितलंच नाही. डोळे मिटून आठवत राहिले. हाक आली तेव्हा चेंडू कुठं होता? आपल्या बाजूला होता का? मारायच्या आधी का नंतर?

अंपायरनं गुण सांगितला. नऊ-आठ. आमचे नऊ.

तेवढ्यात कोर्टावरून आवाज आला. शीतल पूजाला म्हणत होती, "मेंढी हाय का मी?"

"थांबलीस की पन!"

"उद्या फोटूत मला शिंगं काढशील!"

"पयलं माजं तोंड लाव!"

अंपायरनं त्यांना खेळा म्हणून सांगितलं. पुढचा चेंडू उंच आला, त्यावर "टक टक" ऐकू आलं, आणि शीतलनं तो असा ठोकला की तो थेट कुंपणाला जाऊन लागला. मी जाळीला डोकं टेकून रडले. शेजारी, आमच्याबरोबर आलेले मालक शेंगदाणे खात उभे होते, कोर्टाकडे न बघता.

"तुमी शिकवलं?" मी विचारलं.

"मी कावून शिकवू? मी माळी हाय."

"अवो!"

"नऊ वर्सं ओट्यावर बसून ऐकलंय सगळं. आन मेंढरं काय तुज्याच बापाची हुती का? आमची बी हुती." मग त्यांनी माझ्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. "चेंडू आपल्याकडं येतानाच वरडायचं, हे बी सांगितलंय त्यांना. ते काय इसरतो व्हय मी? सोलापूरवरनं आल्यावर आठ दिस जेवली न्हाईस तू."

फायनल मुली हरल्या. ते लिहायला मला काही वाटत नाही, समोरच्या फार चांगल्या होत्या. फोटो मात्र दोघींचा आला आहे, पूर्ण, आणि तो अजून दोघींच्याही मोबाईलवर आहे.

सेक्रेटरी साहेबांनी पुन्हा बोलावलं. "बसा मावशी," म्हणाले. मी बसले. ते म्हणाले, कमिटीचं ठरलं, मुली तुमच्याकडेच राहतील. मग जरा हसून म्हणाले, "फक्त एक आहे. क्वार्टरमधली माणसं विचारतात, सकाळी सकाळी क्लबात मेंढरं शिरतात का?"

"शिरत्यात साहेब," मी म्हटलं. "सध्या दोनच हायत. पुढच्या महिन्यात आनखी चार येनार हायत."

साहेब मोठ्यानं हसले. मी बाहेर येऊन पायरीवर थांबले. ऑफिसातल्या खुर्चीवर बसून मी साहेबांना एवढं बोलले, यावर माझाच विश्वास बसेना.

मग नागपूरला फोन लावला. आजवर दर वेळी बाईच करायच्या, मी कधी केला नव्हता. बाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. आठ-आठ, मधला चेंडू, पूजाची हाक, मालकांचे शेंगदाणे, सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "बायडा, खरं सांग. हाक मारली तेव्हा चेंडू कुठं होता?"

"आपल्याकडं येत हुता बाई," मी ओरडून सांगितलं. "आपल्याकडंच येत हुता!"